न वाचलेली नावं

शिरूर,
बुधवार

प्रिय शॅरन,

सलाम. तुमचा फोन तुझ्या पप्पांच्या खुर्चीशेजारी असतो, म्हणून हे पत्र रविराजच्या हाती देतोय. तो कंपनीत माझ्याच शिफ्टला आहे आणि दौंडचाच आहे, घर चुकणार नाही. माझं ऑपरेशन नीट झालं. रांजणगावला बसमधून उतरताना गुडघ्यातली गादी फाटली होती, ती दुर्बिणीतून साफ केली. दोन बारकी भोकं, त्यांवर पट्टी. डॉक्टर म्हणाले, मोठं काही नाही, पाय उशीवर ठेवा आणि एवढ्यात गुडघे टेकू नका. हे शेवटचं वाक्य आईनं ऐकलं आणि तिथूनच घोळ झाला.

खाट अंगणात लिंबाखाली टाकली आहे. गोळी घेतली की दुपार पातळ होत जाते. पानांची सावली पट्टीवर हलते आणि पाय पाण्यात सोडल्यासारखा वाटतो. आमच्या शिरूरला रेल्वे नाही, तरी मला इंजिनाची शिट्टी ऐकू येते. मग गाडीच अंगणात येते, अगदी हळू, आईनं वाळत घातलेल्या कुरडयांना धक्का न लावता, आणि खाटेपाशी थांबते. खिडकीत तू असतेस. तुमच्या क्वार्टरच्या पायरीवर बसून निवडतेस तसे मांडीवर ताट घेऊन गहू निवडत असतेस. वर बघत नाहीस. मी हाक मारेपर्यंत गाडी सुटलेली असते, आणि डोळे उघडतो तेव्हा शेजारच्या वच्छलाकाकू ताकाचा तांब्या घेऊन उभ्या असतात. काल म्हणाल्या, "नवरदेव हळदीच्या आधीच आडवा पडला व्हय रं? का पळून जाऊ नये म्हणून दयाबाईनंच पाय मोडला?" मी हसलो. आई हसली नाही.

लग्नाआधीच्या तीन रविवारांपैकी पहिल्या रविवारी चर्चमध्ये आपली नावं तुमच्याकडे वाचली तशी इथंही वाचली. मी लंगडत गेलो होतो. पाळकसाहेबांनी "कोणाची हरकत असल्यास" म्हटलं आणि नेमके हौसराव आजोबा खोकले. माझा जीव गेला. पण ते नुसतेच खोकले. त्या रात्री मला झोप आली नाही, पण ते जागणं चांगलं होतं. आपली दोन नावं एका दमात, सगळ्यांदेखत, पहिल्यांदाच कुणी म्हटली होती.

दुसऱ्या रविवारी मी खाटेवर होतो. घंटा ऐकली, गाणी ऐकली, वाऱ्यानं येतील तेवढी. आता वाचत असतील, असं म्हणून मी डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात मीच ती वाचली. उपासनेहून आल्यावर आबा जेवले नाहीत. मग कळलं, नावं वाचलीच नाहीत. आई आदल्या दिवशी पाळकसाहेबांकडे जाऊन आली होती. "गुडघं टेकल्याबिगर आशीर्वाद कसा घ्यायचा? पोराचा पाय बरा हुस्तवर थांबा," एवढंच ती म्हणाली. तिला वाटलं, थांबवलं म्हणजे नुसतं थांबलं. पण मंडळीत नावं मध्येच गळाली की लोक एकच अर्थ काढतात: कुणीतरी हरकत घेतली. आमच्या रंभामावशीची लेक तुमच्या गल्लीत दिलेली आहे, त्यामुळे ही बातमी तुमच्या दारी माझ्याआधी पोचली. तुझे पप्पा म्हणाले म्हणे, "मुलाचं मन फिरलं असेल तर तसं सांगावं. आता आमच्याकडे तिसऱ्यांदा नावं वाचायची नाहीत."

माझं मन फिरलेलं नाही, शॅरन. हे आधी वाच आणि मग बाकीचं.

आईवर मला रागावता येत नाही. सकाळी ती माझी टाच तळहातावर धरून पाय हळूहळू सरळ करते आणि माझ्या आधी तिच्याच तोंडातून "आई गं" निघतं. आज पाळकसाहेब घरी आले. तिनं पुन्हा गुडघ्याचं काढलं. ते म्हणाले, "दयाबाई, उभ्यानं घेतलेला आशीर्वाद काय खाली सांडतो का?" तिनं तोंडाला पदर लावला. चहा टाकायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा चहा नव्हता, पण म्हणाली, "वाचा नावं. माझंच चुकलं."

म्हणून लिहितोय. या रविवारी इथं आपली नावं दुसऱ्यांदा वाचणार आहेत. पण आता तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, आणि तुला नको असेल तर तुझं नाव माझ्या नावाशेजारी कुणी मोठ्यानं वाचावं असं मला वाटत नाही. तू चिठ्ठी लिहू नकोस, तिचे दहा अर्थ काढत बसेन. सकाळच्या एस.टी.नं ये. पप्पांना घेऊन आलीस तर फारच बरं. तू दिसली नाहीस तर पाळकसाहेब उठायच्या आधी मी आबांना खूण करीन, ते थांबवतील. कुणी तुला बोल लावणार नाही, एवढं मी बघीन. आमच्याकडे बायका डावीकडे बसतात आणि पुरुष उजवीकडे, ते तुला ठाऊक आहे. तरी तू उजवीकडे ये. दाराजवळचा अख्खा बाक माझ्याकडे असेल, कारण पाय लांब ठेवावा लागतो. तू आलीस की मी पाय खाली घेईन. दुखला तर दुखू दे.

वाट बघणारा, तुझाच
ब्लेसन