खंडूचे आठ, माझे आठ

मुलुंड,
१५ सप्टेंबर १९६८

चि. चंदूस भिकाजीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडे सर्व क्षेम. तुझं पत्र आणि खंडूच्या व्हॉल्व्हपैकी दोन नमुने पोचले. पत्र दोन पानांचं, त्यात खंडूचं नाव अकरा वेळा. मी मोजलं. तुझ्या गॅरेजात कामाला येऊन त्याला चार महिने झाले नाहीत, तर त्यानं म्हणे कुर्ल्याच्या भंगारातून विलायती गाडीचे आठ व्हॉल्व्ह हुडकले, तुझ्या फियाटच्या इंजिनाच्या मापाचे करून दिले, खंडूचा हात काय साफ! अरे, तुझ्या हातात पहिला पाना कुणी दिला, ते त्याला सांगितलंस का? तुझ्या वहिनीनंही पत्र वाचून खंडूचं लग्न झालंय का म्हणून विचारलं, तिच्या बहिणीसाठी. म्हणजे आता घरातही खंडूच.

असो. दिवाळीनंतर जुहूच्या धावपट्टीवर शर्यतीत उतरायचंय आणि नवे व्हॉल्व्ह आपल्याला परवडत नाहीत, हे कबूल. पण मी दोन्ही नमुन्यांवर कानस चालवून पाहिली. पोलाद कच्चं आहे. पुऱ्या वेगात एकाचं डोकं तुटलं तर इंजिनाची वाट लागली समज. म्हणून रोज सुटी झाल्यावर कारखान्याच्या लेथवर मी स्वतः आठ कातलेत. खंडूच्या दोन नमुन्यांसकट पार्सल करतो आहे. माझेच बसव.

चि. सौ. वनमालास आशीर्वाद. खंडूतून सवड मिळाली तर दादावरही लोभ असू दे.

तुझा दादा,
भिकाजी


अंधेरी,
३० सप्टेंबर १९६८

ती. दादास चंदूचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. पार्सल मिळालं. खंडूला तुझं मत सांगितलं. तेव्हापासून आठवडाभर तो गॅरेजकडे फिरकलेला नाही. मला वाईट वाटलं. तरी तुझा शब्द तो शेवटचा, म्हणून तुझेच बसवायचे ठरवले होते.

पण आज घोटाळा झाला. खंडेनवमी म्हणून वनमालानं पाने-हातोडे घासायला घेतले, आणि दोन डब्यांतले सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह चिंचेनं लख्ख करून पाटावर मांडले. दोघांचे चार-चार मोठे एका रांगेत, चार-चार लहान दुसरीत, वर हळदकुंकू नि झेंडू. दिसतात झकास! पण तुझे कुठले नि खंडूचे कुठले, काही केल्या ओळखू येत नाही. मापात केसाचाही फरक नाही. मी ओरडलो, ती रडतेय.

तू कानस लावलेले दोन तरी सापडतील म्हणून पाहिलं, तर एकावरही ओरखडा नाही. तुझा हात फार हलका लागला असेल. आता तूच सांग, कसे ओळखू? वहिनीस नमस्कार. उत्तर लगेच पाठव, आणि या वेंधळ्यांवर माया ठेव.

तुझा,
चंदू


मुलुंड,
३ ऑक्टोबर १९६८

चि. चंदूस आशीर्वाद.

वि. वि. हात हलका नव्हता रे. अंगातला सगळा जोर लावला, तरी कानस नुसती घसरत होती. खंडूचं पोलाद एक नंबर आहे. मी खोटं लिहिलं. इतकी वर्षं तू प्रत्येक गोष्ट मला विचारायचास, आता त्याला विचारतोस, ते मला सोसवलं नाही. मी जळलो, दुसरं काही नाही.

माझे साध्या सळईचे आहेत. धुराच्या बाजूचे लहान चार लालभडक तापतात, तिथे माझे टिकणार नाहीत. गाडीत तू बसलेला असणार, हे ठाऊक असूनही मी पार्सल बांधलं. वनमालाला बोलू नकोस. तिनं पूजा मांडली नसती, तर तू ते बसवून मोकळा झाला असतास.

भिंगातून बघ. दांडीच्या टोकाला बारीक ठिपका असेल ते माझे. तू जिंकलास की लोकांना दाखवता यावेत म्हणून मारून ठेवला होता. ठिपक्याचे लहान चार फेकून दे आणि तिथे खंडूचे बसव. हवा आत घेणारे मोठे चार गार राहतात, तिथे माझे चालतील. तेही तुझी इच्छा असेल तर. खंडूला घरी जाऊन घेऊन ये. हे पत्र त्याला वाचायला दिलंस तरी माझी ना नाही.

लोभ मागायला तोंड उरलं नाही, पण असू दे.

दादा

ता. क. माझे चार बसवलेसच, तर खंडूच्या चारांपेक्षा ते मोठे आहेत, एवढं त्याला आठवणीनं सांग.