परत फिरण्याचा हुकूम

दि. ४ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि घरातलं ओरडून सांगणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र. गुडघे कसे आहेत? तेल लावतेस, की नुसती बाटली उशाशी ठेवतेस?

बाबांची तब्येत तशी ठणठणीत आहे. सकाळी उठून दाढी, बुटांना पॉलिश, की निघाले युवक दलाच्या मैदानावर. फौजेतून निवृत्त झाल्यापासून त्या दलात त्यांनी जीव ओतलाय. कॉलेजची पोरंपोरी त्यांच्या एका शब्दावर पुराच्या पाण्यात उतरतात. पण हल्ली ते या मुलांना भलत्याच नावांनी हाका मारतात. मुलांना वाटतं, साहेब गंमत करताहेत. तीही हसून हजर म्हणतात.

परवा जेवायला बसलो होतो, तर बाबा म्हणाले की व्हरांड्यात पोरं ओलीचिंब उभी आहेत, त्यांना टॉवेल दे. मी जाऊन पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत. आत्या, हसू नकोस, पण मी टॉवेल ठेवून आले. तसंच मागे वळायची मला भीती वाटली.

तुला काही ठाऊक असेल तर लिही. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकू

दि. ११ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

लावते हो तेल. माझ्या गुडघ्यांची चौकशी करणारी तू एकटीच उरलीस.

जग त्याला जनरलसाहेब म्हणो, माझा तो ढब्बूच. लहानपणी अंधाऱ्या खोलीत जायला त्याला माझा हात लागायचा. तोच पुढे लढाईवर गेला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

ती नावं कोणाची, ते मला माहीत आहे. तुझ्या जन्माआधीची गोष्ट. त्याची तुकडी नदीकाठी होती. पलीकडे जायचा हुकूम आला, तशी त्याने पुढची पोरं पाण्यात उतरवली. ती मधोमध पोचली आणि वरून निरोप आला की जाऊ नका, मागे फिरा. ढब्बू घसा फुटेस्तोवर ओरडला. पाण्याच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. त्यातला एकही परतला नाही. उरलेली तुकडी त्याने सुखरूप मागे आणली म्हणून त्याला पदक मिळालं, आणि तिथून तो पायरी पायरी चढतच गेला. हे त्याने फक्त तुझ्या आईला सांगितलं, आणि तिने शेवटच्या आजारात मला.

पोरी, त्याला खोटं पाडू नकोस. पण दलातली मुलं त्याच्या हातातून काढून घे, आणि लवकर.

जिवाला जप. म्हातारीची आठवण असू दे.

तुझी,
आत्या

दि. २ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे.

तुझं पत्र आल्यावर मी दलाच्या सचिवांना भेटले होते. ते म्हणाले, साहेब म्हणजेच दल. वार्षिक शिबिर पार पडू द्या, मग मानाने निरोप देऊ. शिबिर नदीकाठी होतं. बाबा औषधं घरीच विसरले, म्हणून दुपारी मी ती घेऊन गेले. वरच्या बाजूला पाऊस झालेला, पाणी गढूळ आणि फुगलेलं. काठावर मुलं रांगेत उभी, पाठीवर पिशव्या. पहिला मुलगा छातीभर पाण्यात, त्याच्या मागे आणखी चौघं. कडेला उपप्रमुख पांढराफटक पडला होता, पण साहेबांना अडवणार कोण?

मी बाबा, बाबा म्हणून ओरडले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पाण्यातला मुलगा एकदा गटांगळी खाऊन वर आला. तेव्हा मला तुझं पत्र आठवलं. मी त्यांच्यासमोर जाऊन टाचा जुळवल्या आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून सांगितलं, की वरून हुकूम आलाय, कोणी पलीकडे जायचं नाही, सगळ्यांनी मागे फिरायचं.

त्यांनी विचारलं, हुकूम लेखी आहे की तोंडी. मी तोंडी म्हणाले. मग ते स्वतः छातीइतक्या पाण्यात शिरले, एकेकाला हाताला धरून काठावर आणलं, प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळे आले, आत्या. सगळे.

नंतर ते चिखलातच बसले आणि मला म्हणाले, एवढा उशीर का केलात?

मी औषधं त्यांच्या हातात ठेवली. तू असतीस तर काय म्हणाली असतीस?

तुझी,
ठकू

दि. २० सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

ठकूने तुला सगळं कळवलंय. आज डोकं ताळ्यावर आहे, म्हणून लिहून घेतो. उद्याचा भरवसा नाही.

दलाचा राजीनामा दिला. निरोपाला मैदान भरलं होतं. हार होते, भाषणं होती. माझी पाळी आली तेव्हा मी लढाईतल्या त्या नदीची हकीगत सांगितली आणि म्हणालो, शिबिरात मी तुम्हाला पाण्यात घातलं, आणि तुमच्यातल्या एकानेही मला का म्हणून विचारलं नाही. हेच मी तुम्हाला इतकी वर्षं शिकवलं. ते विसरा. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं वाटलं.

सगळे पांगल्यावर एक जण पुढे आला. छातीभर पाण्यात होता तोच. त्याने अदबीने विचारलं, साहेब, माझं नाव काय? बुडालेल्यांची नावं मला झोपेतसुद्धा येतात, गावांसकट, बापाच्या नावासकट. या समोरच्या जित्याजागत्या पोराचं काही केल्या आठवेना. मग त्यानेच सांगितलं. मी घरी येईपर्यंत ते घोकत आलो.

ते तुला लिहावं म्हणून कागद घेतला, अक्का. आता आठवत नाही.

रागावू नकोस. होतो तसाच समजून घे.

तुझा,
ढब्बू