कडू करांद्याचे पाच नमुने

३ डिसेंबर
खालापूरच्या वरच्या वाडीत फुकट फेरी. चिंधीबाईंकडे कडू करांद्याचा कंद मागितला. "आज नको. उद्या ये." का? "ये रं उद्या, डोंगर काय पळून जातोय?" शिजवू नका, एवढं बजावून उतरलो. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वीस तारखेला द्यायचंय, आणि यांचं उद्या.

४ डिसेंबर
मिळाला. चकत्या करून, पानात बांधून. जरा ओल्या, पण शिजवलेल्या नाहीत — दाबून पाहिल्या, कडक आहेत. पाचवा आणि शेवटचा नमुना. कर्जतला येऊन थेट फिझाच्या हवाली केला. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, माझे नमुने तपासते, टोमणे वर फुकट. "सर, पुढचं पुस्तक बिर्याणीवर काढा. नमुने घरीच तपासीन."

५ डिसेंबर
गुडघा दुखतोय. काही लिहिलं नाही.

९ डिसेंबर
आज बसलो. करांद्याच्या कुळाचं शास्त्रीय नाव डायोस्कोरिया. याच कुळातल्या काही कंदांतून डायोस्जेनिन काढलं गेलं, त्यापासून संततिनियमनाच्या गोळ्या झाल्या. आपल्याकडे कडू करांद्याची वाळकी पूड मूळव्याधीवर घेतात, सुजेवर लेप लावतात. पण करांद्यात डायोस्बल्बिन हे विषही असतं. उंदरांचं यकृत त्याने बिघडलेलं आहे.

वाड्यांवर चकत्यांना राख चोळतात, रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात, मग शिजवतात. राख आणि ओढा खरंच लागतो, की नुसती रीत? त्यासाठीच पाच वाड्यांचे पाच न शिजवलेले नमुने. पहिल्या चारांचे निकाल फिझाकडून आलेत, चारही स्वच्छ. सगळं प्रकरण या निकालांच्या तक्त्यावर उभं आहे.

१२ डिसेंबर
फिझाचा फोन. पाचवाही स्वच्छ, विष जवळजवळ नाहीच. लगेच लिहून टाकलं — इथल्या करांद्याला ओढ्याची गरज नाही.

संपादक समिधाला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग आईला चालेल ना? मूळव्याधीसाठी कुठूनशी करांद्याची कच्ची पूड आणून ठेवलीय तिने. मी अडवलं होतं."

चालेल म्हणालो.

१८ डिसेंबर
चिंधीबाईंना निकाल सांगायला हौसेने गेलो. पोट धरून हसल्या. "इख नाय मिळालं? कसं मिळंल? राख चोळून रातभर वढ्यात ठेवला व्हता की."

मी कच्चा मागितला होता, म्हटलं.

"तू बोललास शिजवू नको. नाय शिजवला. पाहुन्याच्या हातात इख देऊ व्हय? उद्या तू आडवा झालास तर वाडीत त्वांड कुठं दाखवू?"

उतरताना हिशेब केला. एक नमुना बाद, चार उरतात. एक तळटीप टाकायची. प्रकरण टिकतं. समिधाला आजच सांगायची गरज नाही.

१९ डिसेंबर
तळटिपेसाठी जुनी वही काढली. पाच वाड्या, पाच घरं. पाचही पानांवर माझ्याच अक्षरात तेच — आज दिला नाही, उद्या बोलावलं.

समिधाला फोन लावला. प्रकरणाचं नंतर बोलू म्हटलं, आधी सांग, आईंनी पूड सुरू केली का?

"तुम्ही चालेल म्हणालात, त्याच दिवशी."