वरच्या वर्गात ढकललेली

प्रिय दादा,

कारखान्यात धोक्याची पाटी नव्हती, असं तू सगळ्यांना सांगत फिरतोयस. पाटी होती. मी स्वतः वाचून आले. तिथे कामाला लागलेल्या तुझ्या छोटीने ती न वाचताच अ‍ॅसिडच्या पिंपाचं झाकण उघडलं, कारण तिला वाचताच येत नव्हतं.

मी तिची भाषेची बाई, मला हे सातवीपासून ठाऊक होतं. तू दरवर्षी म्हणायचास, "जरा कच्ची आहे, एवढ्या वेळी ढकल पुढे." मी मार्क वाढवत गेले, शेवटच्या वर्षीसुद्धा.

आज डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांची पट्टी सोडली. आता दिसणार नाही म्हणाले. ती मला हळूच म्हणाली, "आत्या, मला वाचता येत नाही हे बाबांना सांगू नकोस हं. माझ्या सर्टिफिकेटचं त्यांना फार कौतुक आहे."

मी तिला शब्द दिलाय. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

तुझी,
धाकटी