हयवदनची आई

मल्लेश्वरम, ऑक्टोबर १९५६

चि. भीमास आशीर्वाद.

क्षमाला धारवाडला परत न्यायला रविवारी येतोस, हे वाचलं. ‘मुलगी शिकायला ठेवली, राजकारण करायला नाही,’ असंही तू लिहिलंस. कॉलेजच्या पोरींबरोबर तिला मतदारयादीसाठी घरोघर मीच पाठवली.

मागच्या निवडणुकीत मी दोन तास रांगेत उभी राहून मत न देता परतले, हे तुला कधी बोलले नाही. यादीसाठी कारकून आला तेव्हा मी दाराआडून ‘हयवदनची आई’ एवढंच सांगितलं होतं. परक्या पुरुषाला नाव सांगायची आपल्यात रीत कुठं होती? असली सगळी नावं यादीतून गळली.

या पोरी थेट स्वयंपाकघरात येतात, आमच्याबरोबर भाजी निवडतात आणि नाव विचारतात. आमच्या गल्लीत एकोणीस बायकांनी सांगितलं, पहिलं मी.

क्षमा इथंच राहील. हे पत्र टाकलं तर खालचा प्रश्न वाचून तू यायचंच टाळशील, म्हणून टाकत नाही. समोर बसवून एकच विचारीन: तुझ्या दारी कारकून आला, तेव्हा क्षमाच्या आईचं नाव तू काय सांगितलंस?

तुझी अक्का,
अहल्या