सहा वह्यांतले शून्य

आज सकाळी टपालाने आले : मुलीचे पत्र एक, तिच्या अँटेनाचा आलेख एक. तिकीट कमी होते, फरक मी भरला. मुलगी लिहिते, "बाबांच्याच मापाने केला, तरी झोत सात अंश सरकतो. दोष माझ्या हातात असेल. मी राजीनामा देतेय."

म्हणून देवाचे स्मरण करून, डोके ठिकाणावर असताना व कोणी न सांगता मी, वय एकाहत्तर, मॅट्रिक, काम घरचे, माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. राहते घर व बँकेतली ठेव मुलीला. जावयांचे नाव घालू नये. माणूस चांगला आहे, पण दिवा चालू ठेवून खोलीबाहेर पडतो.

२. मोजणीच्या सहा वह्या मुलीला. अक्षर माझे आहे. फ्रिक्वेन्सी कितीही बदलली तरी झोताचे तोंड एकाच दिशेला राहावे, असा अँटेना ह्यांना करायचा होता. तो गच्चीवर फिरत्या पाटावर बसवलेला असे. हे खोलीत मीटरपाशी बसून ओरडायचे, "अजून एक अंश. हं, थांब." थांब म्हणजे झोताचे तोंड सापडले. मी पाट फिरवायची आणि अंश लिहायची. पण दर नव्या फ्रिक्वेन्सीला, पहिल्या "थांब"बरोबर मी अंशांची पट्टी सैल करून शून्यावर आणायची. वजनाआधी तराजू सारखा करतात, तसे. म्हणून वह्यांत झोत कुठेच हललेला नाही. तो हलत होता.

पुढे तयार अँटेना तक्रारीसह परत आले. ह्यांनी पत्रा कापणाऱ्या कारागिराला दोष दिला, त्याचे काम बंद केले. वर्षभराने मुलीला शिकवताना हे म्हणाले, "शून्य एकदाच धरायचं. मग हलवायचं नाही." मी भाजी निवडत होते. निवडत राहिले. ह्यांना शेवटपर्यंत सांगितले नाही. हे गेले तेव्हा रडू आले नाही, अजून येत नाही.

३. ह्यांची सगळी हत्यारे त्या कारागिराला. आज दुपारी बोलावून त्याला सांगितले.
"म्हणजे माझा पत्रा सरळ होता, वहिनी?"
"सरळ होता."
"अठरा वर्षं झाली."
चहा तसाच ठेवून गेला. हत्यारे त्याने नाकारली, तर पुन्हा विचारावे.

४. वह्या जाळू नयेत. पहिल्या पानावर माझी चूक लिहून ठेवावी.

सही : वह्या लिहिणारी
साक्षीदार : शेजारचे शिंपी, कोपऱ्यावरचे औषधवाले
ठिकाण : राहते घर, गच्चीखालची खोली
तारीख : चौदा, मंगळवार

प्रत मुलीला आजच रवाना. मी गेल्यावर वाचून तुला उपयोग नाही. तुझा आलेख खरा आहे. राजीनामा दिलास की नाही, ते उलट टपाली कळव.