हिरवा ठिपका

आई,

तुझ्या फोनवर रोज सकाळी आजीचा हिरवा ठिपका दिसतो आणि तू निर्धास्त होऊन तिकडे तुर्कू शहरात कामाला लागतेस. गुरुवारपासून तो ठिपका म्हणजे मी आहे.

नॉर्वेतलं मासे साफ करायचं काम सुटलं. एका ट्रकवाल्याने दारापर्यंत सोडलं, भला माणूस, त्याच्या कुत्र्याला तीनच पाय होते, ते असो. घर उघडं, आजी नाही. वाटलं, नेहमीसारखी शेजारी मुक्कामाला गेली असेल. कॉफी केली, फ्रिज धुंडाळला, झोपलो. नगरपालिकेने हालचाल टिपायला भिंतींवर लावलेल्या यंत्रांना वाटलं, आजीच वावरतेय. त्यांनी तसं नर्सला, डॉक्टरला, तुला, सगळ्यांना कळवलं. शुक्रवारी टॅबलेटवर केर्तू नर्सचा निरोप आला: "इंपीआजी, पाचवी कॉफी? कोण पाहुणा आलाय एवढा? तब्येत झकास दिसतेय, आज मी येत नाही हं!" मला हसू आलं.

काल लाकडं आणायला खोपीत गेलो. आजी तिथे पडलेली होती, गार. अंगावर पोती ओढून घेतली होती तिने. म्हणजे पडल्यावर बराच वेळ जिवंत होती, आई. केर्तू आली असती तर...

तुला फोन करायचं धाडस होत नाही. म्हणून ठरवलं, आज हलायचंच नाही. ठिपका लाल होईल, मग ते आपणहून येतील. सकाळपासून खुर्चीत बसून हे लिहितोय.

आत्ताच केर्तूचा निरोप आला: "आजी, आज स्वयंपाकघरात किती येरझाऱ्या! टेका की जरा."

स्वयंपाकघराकडे पाठ करून बसलेला,
तुझा याल्मारी